फाटकाबाहेरचे बाबा

"डबा भरू नकोस, माऊ. मी आजपासून कामावर जाणार नाही."

बाबा इतक्या शांतपणे बोलले की माऊला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली! डब्याचं झाकण हातात तसंच धरून ती पाहत राहिली. बाबांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण टेबलावर ठेवलं. दूरच्या कुठल्याशा देशातलं शाळेचं अंगण, पडकी भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी तोफगोळ्याचं फुटलेलं कवच...

"ही दुहेरी खाच बघ. आपल्याच कारखान्यातली. माझ्या लेथवरची असेल, नसेलही. पण प्रभूसमोर 'नसेल' म्हणायला माझी जीभ रेटत नाही गं!"

बावीस वर्षं त्यांनी त्या लेथवर काढली होती. कधी कुणाला शिवी दिली नाही म्हणून सगळा कारखाना थट्टेने त्यांना 'फादर' म्हणायचा. पण दोन वर्षांपूर्वी मालकाने पंपांचं काम बंद करून कवचांचं घेतलं, तोफगोळ्यांची कवचं घडू लागली, आणि तेव्हापासून रविवारी चर्चमधून घरी येताना बाबांचा चेहरा उतरलेला असायचा.

"आणि आईचं काय, बाबा?"

आतल्या खोलीत आई निपचित पडून होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस झालं तरच ती जगणार होती, आणि तो उपचार कारखान्याच्या कामगार योजनेतून चालला होता. नोकरी गेली की योजना गेली!

बाबांनी कात्रणाची घडी घातली. "देव काहीतरी वाट दाखवेल..."

देवाने वाट दाखवली नाही. ती माऊनेच काढली. नर्सिंगचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडून ती फोरमनसमोर जाऊन उभी राहिली, कामावर लागली, आईची योजना आपल्या नावावर चालू ठेवली, आणि सहा महिन्यांत बाबांच्याच लेथवर, बाबांनी नाकारलेल्या कवचांना तीच दुहेरी खाच पाडू लागली!

इकडे बाबा फाटकाबाहेर पुठ्ठ्याची पाटी धरून उभे राहू लागले. 'आपली कवचं लेकरांवर पडतात.' चर्चमधली दोन-तीन माणसं सुरुवातीला सोबत आली, मग तीही येईनाशी झाली. सातच्या भोंग्याला लेक बापासमोरून आत जायची आणि दोघंही नजर चुकवायची. तिच्या पगाराच्या अन्नाला बाबा शिवत नसत. दुपारनंतर लोकांच्या सायकली दुरुस्त करून मिळेल त्यावर भागवत. तो नकार माऊच्या जिव्हारी लागला होता. परक्यांच्या लेकरांसाठी ज्यांचं अंतःकरण तिळतिळ तुटतं, त्यांना पोटच्या पोरीचे तेलाने काळे पडलेले हात दिसू नयेत?

एके दिवशी फोरमन लेथपाशी आला. "माल घेणारे साहेब येतायत. फादरला तिथून हलव, नाहीतर तुझंही काही खरं नाही."

माऊ तरातरा बाहेर आली. गेलं दीड वर्ष छातीत कोंडलेलं सारं एकदम उसळून आलं.

"तिकडे आई मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही जगाला शांती शिकवताय! शांती हवी ना? मग आधी आमच्या घराला द्या!"

तिने पाटी हिसकावली आणि टराटरा फाडली. बाबा रिकामे हात पुढे धरून तसेच उभे राहिले... आणि ती वळून फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच मागे धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

अर्धांगवायूचा झटका होता. आई ज्या इस्पितळात डायलिसिसला यायची, त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर बाबांना खाट मिळाली. उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं.

"बाबा, मी पाप केलं हो!" त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ती हमसाहमशी रडू लागली. "मी उद्याच नोकरी सोडते. आता एकही कवच माझ्या हातून..."

"नको." शब्द अडखळत, तुटत येत होता. "सोडू... नकोस."

तिने दचकून मान वर केली.

"तुझी आई... जगू दे तिला." त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "व्रत मी धरलं, माऊ, उपास तुला घडला. तुझे हात रोज दिसायचे गं मला... बघवत नव्हते. मला क्षमा कर."

"असं नका बोलू, बाबा!"

"प्रार्थना कर."

दीड वर्षात माऊने देवापुढे हात जोडले नव्हते. तिने ते जोडले, पण शब्दच सुचेनात. "कुणासाठी मागू, बाबा?"

"त्या लेकरांसाठी... आणि तुझ्या आईसाठी." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "दोघांसाठी एकदम कसं मागायचं, ते मला कधी कळलंच नाही, बाळ."

तिलाही कळलं नाही. ती नुसतीच हात जोडून, डोळे मिटून बसली, आणि बाबांनी त्या जोडलेल्या हातांवर आपला धड असलेला डावा हात ठेवला. तेलाचे डाग बसलेली तिची बोटं ते कितीतरी वेळ कुरवाळत होते.

उजाडलं. खाली आईला डायलिसिसच्या खोलीत नेत होते. इस्पितळापर्यंत कारखान्याचा पहिला भोंगा ऐकू आला, तरी माऊ जागची हलली नाही. बाबांचा हात तिने आणखी घट्ट धरला.

"जा," बाबा म्हणाले.

"बाबा..."

"जा, पोरी. उशीर होईल."

आणि त्यांनी आपणहून हात सोडवून घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं.