खांद्यावरचा हात

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या भाचीसोबत. आणि रात्री नाही... भरदुपारी, लख्ख उजेडात.

चित्रशाळेच्या मागच्या खोलीत ती एका जुन्या तैलचित्राची नक्कल करत होती. जुन्या शैलीवर हात बसावा म्हणून. एका नामांकित चित्रकाराने काढलेलं स्वतःचंच चित्र, अंगात काळा कोट. आधी करड्या रंगाचा पातळ थर, तो वाळला की वर तेलकट, जाड थर.

अकरा वर्षं ती चित्रशाळेच्या सरांकडे राबत होती. चित्रं तिची, सही सरांची.

"सर, या वेळी तरी माझं नाव घालू?"

"घाल की! आधी नाक तरी सरळ काढा, बाईसाहेब."

तिसऱ्या दिवशी करडा थर वाळला...

आणि कोटाच्या खांद्यावर एक हात उमटला.

मूळ चित्रात हात नव्हता. तिने चारदा पाहिलं.

तिने तो खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी... पुन्हा तिथेच.

बाईचा हात. नखांत रंग भरलेला. तिच्या नखांत असायचा, तसाच.

घाबरायचं सोडून तिचं डोकंच फिरलं. म्हणजे मूळ चित्रही कोटवाल्याने नाही, अशाच कुणा राबणाऱ्या बाईने काढलेलं तर!

तिने हात पुसला नाही. वरून कोटाचा काळा रंग चढवला.

चित्र पुरं झालं. सर आले, पाहिलं आणि कोपऱ्यात झोकात स्वतःची सही ठोकली.

"सर, तुम्ही शब्द दिला होता!"

"अगं, हात तुझा असेल, नजर माझी आहे ना!"

ती संतापाने खिडकीपाशी ब्रश धुवायला गेली.

खर्र... खर्र...

दोघांनी वळून पाहिलं.

सही खरवडलेली. खांद्यावरचा काळा रंगही. खाली नुसता करडा थर...

हात नव्हता.

"तू केलंस हे!" सर ओरडले. तिच्या दोन्ही हातांत ओले ब्रश होते.

सर तणतणत निघाले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर चार बोटांचा करडा डाग होता.

याला वर्ष झालं. सर रोज सदरा बदलतात. दुपारपर्यंत डाग परत येतो... ओला.

मध्यंतरी ते तिच्या घरी आले. "पोरी, तेवढं पुसून दे गं."

"वाळू द्या, सर," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परवा ते मला रस्त्यात दिसले.

आता बोटं पाच आहेत... आणि अंगठा गळ्याकडे सरकलाय.