दोन ठोके

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय. खाली कमेंटमध्ये "भाऊ, कोणती घेतली होतीस" असं लिहिणार असाल तर आत्ताच पुढे जा. विठूबद्दलही लोक हेच बोलले होते. माझं डोकं तिथूनच फिरलंय.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. जागा कर्जतची, दहिवलीच्या बाहेरचं आमचं गॅरेज.

आमचं म्हणजे माझं, नवनाथचं, आणि माझा भागीदार विठूचं. जुन्या छोट्या हॅचबॅक घ्यायच्या, मोठं इंजिन बसवायचं, खाली जुन्या जीपचे ॲक्सल घालायचे आणि चारही चाकं ओढतील अशी गाडी करायची. रविवारी चिखलात गाड्या घालणारी मंडळी पनवेल-ठाण्यावरून यायची. हात विठूचा. तोंड माझं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम मी करायचो.

अशा गाडीत एक भानगड असते. पुढच्या दोन चाकांमध्ये एक आणि मागच्या दोन चाकांमध्ये एक, असे दोन डिफरन्शियल असतात. गिअर भरलेले लोखंडी गोळे. दोन्ही एकाच मापाचे लागतात. नसले तर पुढची चाकं एका वेगाने ओढतात आणि मागची दुसऱ्या. सुक्या मातीत निभावून जातं. ओल्या उतारावर गाडी हातात राहत नाही.

बाहेरून बघाल तर दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून विठू मोजायचा. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारायची, गाडीखाली झोपून शाफ्ट हाताने फिरवायचा आणि प्रत्येक फेरीला पान्याचा एक ठोका द्यायचा. चाक पुरतं एकदा फिरेपर्यंत किती ठोके पडले ते पुढे-मागे ताडून बघायचं. "मोजल्याबिगर नट आवळायचा नाय रं नवनाथ," असं तो दर गाडीला म्हणायचा. मला कंटाळा यायचा ऐकून.

जुलैमध्ये अनुपमची गाडी तयार झाली. अनुपम इथलाच, आर्किटेक्ट, वडिलांची जुनी हॅचबॅक घेऊन आलेला. तिची ट्रायल घ्यायला विठू एकटा गेला.

खालापूरच्या पुढे एका ओल्या उतारावरून गाडी घसरून खाली गेली. विठू जागीच गेला.

आणि लोकांना काय मिळालं बोलायला? "प्यायला असेल." दहाव्याला त्याची बायको संजना समोर बसलेली असताना बोलले! विठूने आयुष्यात बिअरची बाटली हातात धरली नव्हती.

अनुपमने तर कागदच टाइप करून आणला. 'गाडीतील सर्व बदल मयत विठू याने स्वतःच्या मर्जीने केले.' पोलिसांना द्यायचा जबाब. खाली सही माझी. त्या मंगळवारी चार वाजता तो कागद न्यायला येणार होता.

मी हो म्हटलं होतं. घाबरलो होतो. गॅरेज बंद होईल, आत जाईन, असं वाटत होतं. आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तर सव्वाबारा. लाईट गेलेली. कंप्रेसर बंद, पंखा बंद. मी टेबलाशी कागद घेऊन बसलो होतो. मागच्या शेडमध्ये ती चेपलेली गाडी स्टँडवर उभी होती. पोलिसांनी सोडल्यावर मी तिचं इंजिन उतरवलं होतं. चाकं हवेत. तिला फिरवणारं काहीच शिल्लक नव्हतं.

मी पेनचं टोपण काढलं...

टक्.

वाटलं, मांजर असेल.

मग लोखंड घासल्याचा आवाज आला. हळू. कुणीतरी जोर लावून काहीतरी फिरवतंय असा...

टक्.

मग काहीच नाही.

तिसरा ठोका आला नाही. बाहेर रस्त्यावर एक टेंपो गेला. मग पुन्हा घासल्याचा आवाज... टक्... टक्...

आणि पुन्हा शांत.

मी शेडमध्ये गेलो. गाडीखाली कुणी नव्हतं. मागचं डावं चाक मात्र फिरत होतं. हळूहळू फिरलं आणि अर्ध्यावर थांबलं.

खाली वाकलो. मागच्या शाफ्टवर खडूची रेघ होती. पांढरी, ताजी. इंजिन उतरवल्यापासून त्या गाडीला मी पानासुद्धा लावला नव्हता.

दोनच ठोके का, हे मला तेव्हाच कळलं.

मागचा डिफरन्शियल अनुपमने स्वतः आणला होता, ऑनलाइन बघून. "सेम आहे, मी खात्री केलीय," म्हणाला. विठू तरी मोजायला खाली शिरला. एक ठोका दिला, दुसरा दिला. तेवढ्यात मी ओरडलो होतो, "विठू, बास झालं तुझं! साहेब सांगतायत ना सेम आहे. बसव आणि मोकळा हो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हाताने खडू पुसला.

मी त्या दुपारी स्वतः खाली झोपलो आणि मोजलं. पुढचं चाक शाफ्टच्या चार फेऱ्यांना एकदा फिरत होतं. मागच्याला जवळजवळ पाच लागत होत्या.

कागद फाडला. अनुपमला फोन लावला आणि सांगितलं, गोळा तू आणलास, मोजू मी दिलं नाही, पोलिसांना हेच सांगणार.

"नवनाथ, तूच अडकशील," तो म्हणाला.

"अडकू दे. तू पण ये सोबतीला!" फोन आपटला.

संध्याकाळी संजनाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ठोक्यांचंसुद्धा. ती रडली नाही.

"मला म्हयना झाला लोकांची तोंडं बघतेय," ती म्हणाली. "आनी तुमाला म्हाईत होतं, भावोजी?"

"होतं," मी म्हणालो.

"उद्या येते. मला आयकायचंय."

दुसऱ्या दिवशी अकरालाच आली. गाडीजवळ स्टूल घेऊन बसली. बारा वाजले. एक वाजला. तीन वाजले.

काहीच नाही. पत्र्याचाही आवाज नाही.

"अवो," ती हळूच म्हणाली. "मी आलेय. संजना."

मग उठली आणि दोन्ही हातांनी त्या चेपलेल्या दारावर मारायला लागली. "बोला की! यांच्याशी बोलताव, ज्यांनी तुमाला मारलं त्यांच्याशी! मी कोन हाय मंग? माज्यासाठी येक आवाज नाय?"

मी तिला धरलं नाही. मला तो हक्क नव्हता.

चार वाजता ती पदराने हात पुसून निघाली. हाताला रक्त आलं होतं. फाटकाबाहेर वळली, दिसेनाशी झाली...

टक्.

माझ्या पाठीमागे.

"अरे ती आत्ता इथे होती!" मी बोंबललो. "पाच तास बसली होती! तिच्याशी बोल ना!"

टक्.

धावत फाटकापर्यंत गेलो. ती वळणापाशी रिक्षाला हात करत होती. हाक मारायला तोंड उघडलं. ती आत बसली, रिक्षा गेली, आणि मी हाक मारली नाही.

तिला काय सांगणार होतो? तू गेलीस आणि तो आला?