किल्लीचा उतार

पूर्वेला झुंजूमुंजू झाले आणि भैरवकड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या शत्रूच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून वर आल्या, तशी सुभानजी हवालदारांना गडाच्या आत आणि आपल्याच देहाच्या आत पडलेली दुहेरी कोंडी पुन्हा जाणवली. तोफेच्या गोळ्याने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. वैद्यांनी तो कापून जखम तापल्या तेलाने डागली होती. उरलेला खुंट कोंड्याच्या पिशवीवर दाबून दाबून त्यांनी निबर केला, सुताराकडून सागाचा पाय करवून घेतला आणि तो चामडी पट्ट्यांनी बांधून ते पायऱ्या चढायला शिकले. नसलेला अंगठा अजून ठणकत असे.

गडाचा रिवाज कडक होता. महादरवाजाची किल्ली दिवेलागणीला हवालदाराने स्वतः वर सदरेवर पोचवायची. वाटेत भिंतीचा वा काठीचा आधार घेतला, तर किल्ली निंबाजी जुमलेदाराकडे जायची. त्याच निंबाजीला शत्रूच्या मोर्चावर आरशाचा कवडसा पाडताना सुभानजींनी अंथरुणावरून पाहिले होते. पण पुरावा नव्हता, आणि पद जाऊ पाहणाऱ्या लंगड्याची फिर्याद कोण ऐकणार?

"हवालदार, काल आपण चढून आलात. आम्ही संतुष्ट आहोत," किल्लेदार हैबतराव सदरेवरून म्हणाले.

"अर्धाच रिवाज झाला, सरकार," निंबाजीने मुजरा केला. "सकाळी किल्ली हवालदारानंच खाली न्यायची असते, तीही आधाराशिवाय. वेढा पडल्यापासून दरवाजा उघडला नाही, किल्ली कुणीही खाली नेतं, म्हणून सगळे विसरले."

सुभानजीही विसरले होते. सरावात रोज चढून झाले की ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून उतरत.

किल्ली कमरेला खोचून ते वरच्या पायरीवर उभे राहिले. शुभकार्यात उजवे पाऊल आधी, म्हणून त्यांनी उजवा पाय खाली सोडला. मागे राहिलेला डावा गुडघा साऱ्या देहाच्या भाराने लटपटला, पट्टा खुंटात रुतला, आणि ते कसेबसे मागे सावरले.

"पालखी मागवू का, हवालदार?" निंबाजी हसला.

खालून त्यांची बायको गोदू बोलली, "त्यांना बोलून घेऊ द्या. तुमी घाई करू नगा."

सुभानजी विचारात पडले. चढताना देह कुणी उचलला होता? धडक्या पायाने. मग उतरताना देह सावकाश खाली सोडण्याचे कामही त्याचेच. त्यांनी लाकडी पाय आधी खाली टेकवला, आणि मग उजवा त्याच्या शेजारी आणला.

"डावं पाऊल आधी!" निंबाजी ओरडला. "सरकार, किल्लीला अपशकुन!"

"रिवाजात आधार नको म्हटलंय, जुमलेदार," हैबतराव शांतपणे म्हणाले. "पाऊल कुठलं, ते म्हटलेलं नाही."

एक एक पायरी मागे पडत होती. पट्ट्याखाली रक्त पाझरले, लाकडावर ओघळले. भिंत हाताच्या अंतरावर होती, आणि सुभानजींनी तिच्याकडे पाहिले नाही. दरवाजाशी पोचल्यावरच त्यांनी गोदूच्या खांद्यावर डोके टेकले.

"किल्ली ऱ्हायली?" तिने विचारले.

"राहिली."

त्याच संध्याकाळी निंबाजी दोर लावून कडा उतरला आणि शत्रूला मिळाला. फिर्याद करण्याची गरजच उरली नाही. पुढे शत्रूचाच दाणागोटा संपला, त्याने मोर्चे उठवले आणि महादरवाजा सुभानजींच्याच हाताने उघडला.

त्यांच्यामागून आलेले हवालदार दोन्ही पायांनी धडधाकट होते. तरीही किल्ली घेऊन उतरताना ते डावे पाऊल आधी टाकत. का, ते त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नव्हते.