पुढे मांडलेली खुर्ची

पडद्यांच्या कडा दुमडून घ्यायच्या होत्या, म्हणून मी शेजारी गेले. शेजारी म्हणजे शिवणताई. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की तिकडे कात्री ठेवली तरी इकडे कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही. कानच तसे आहेत, त्याला मी काय करू.

मशीन चालवताना ती गुणगुणायची, आणि लगेच नवऱ्याचं खाकरणं यायचं. एकदाच, कोरडं. गाणं बंद. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. गेल्या थंडीत तो वारला. म्हटलं, आता तरी बाई मोकळेपणी गाईल. गायली. आणि भिंतीपलीकडून तेच खाकरणं आलं.

त्या दिवशी पडदे टेबलावर टाकत मी म्हटलं, "मलाही ऐकू येतं गं."

तिचा सुई धरलेला हात थांबला. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

"काही फिरलं नाही. शनिवारी हॉलवर चल. चारचौघांत कोण खाकरतंय ते बघू."

वस्तीच्या हॉलवर महिन्यातून एकदा संध्याकाळी खुला माइक असतो. कुणी कविता वाचतं, कुणी गिटार वाजवतं. माइक सांभाळतो आमचा इलेक्ट्रिशियन. त्याची एक पद्धत आहे. पहिल्यांदा गाणाऱ्याला विचारायचं, तुमच्याकडून कोण आलंय, आणि त्या माणसाची खुर्ची सगळ्यांच्या पुढे मांडायची. आपलं माणूस समोर असलं की धीर येतो म्हणे.

"ताई, तुमच्याकडून कोण?"

मी ओढणी सावरून उठतेय, तोच ती सवयीने बोलून गेली, "हे आलेत."

बोलली आणि पांढरीफटक पडली. इलेक्ट्रिशियनला काय माहीत, त्याने खुर्ची मांडली.

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला हॉलभर लवंगेचा वास पसरला. तिच्या नवऱ्याच्या तोंडात कायम लवंग असायची. मग खाकरणं आलं. इलेक्ट्रिशियन माइकची वायर हलवून बघायला लागला, पण आवाज स्पीकरमधून आला नव्हता. मागची कुजबुज थांबली.

"मी... मी घरी जाते, वहिनी..." ती माइकमध्येच म्हणाली.

"घरी तरी कुठे गाऊ देतात?" मी म्हटलं आणि पुढे गेले. खुर्चीत कुणी दिसत नव्हतं. पण तिची कापडी बैठक मधोमध दबली होती.

माझं डोकं तापलं होतं. "उठा, भाऊजी," मी म्हटलं. "तिच्याकडून मी आलेय."

आणि बसले. ओल्या पोत्यावर बसावं तसं गार लागलं. कानाशी कुणीतरी श्वास सोडला... लवंगेचा. मी हलले नाही. "गा गं."

तिने माझ्या खांद्यामागे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ऐकायचं असेल तर मागे उभे राहा." आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं, पार शेवटपर्यंत. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे इतकी वर्षं भिंतीआड राहून मला माहीत नव्हतं.

आता ती रोज गाते. तिच्या घरात कुणी खाकरत नाही.

माझ्या घरात खाकरतं.

तिला मी सांगितलेलं नाही, नाहीतर बाई पुन्हा गप्प बसायची. तिकडे तिचं गाणं सुरू झालं की इकडे भांडी घासताना मीही सूर लावते. माझा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा, पण लावते, मुद्दाम, चढवून. त्याचं खाकरणं भिंतीपलीकडे पोचता कामा नये.

काल गाता गाता लवंगेचा वास आला. मी मागे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात एकच खुर्ची आहे, टेबलाखाली सरकवलेली. ती फरशीवरून सावकाश ओढल्याचा आवाज आला... मग कुणीतरी बसल्याचा.

मी पुढचं कडवं घेतलं.