आडव्या पडद्यावरची पंगत

देवेश आणि पावनीचं जमलं.

…हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कुणाचं काही जमलेलं नाही. देवेश हा जळगावहून आलेला, कानडी मुलखात बोगादीला एका खोलीत राहणारा, मोबाइलची अ‍ॅप लिहिणारा सरळमार्गी मुलगा आहे, आणि पावनी नावाची मुलगी जगात आहे हे त्याला अजून माहीतही नाही.

ते त्याला शुक्रवारी दुपारी कळलं. रविवारी लग्न असलेल्या मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. मग उठला, दोन फूट सरकला, पुन्हा बसला.

"ध्यान करताय की सरपटताय?"

आधी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास आला, मागून ती.

"पंखा बघतोय," देवेश गंभीरपणे म्हणाला. "कुठल्या पानाला वारा लागतो ते. म्हाताऱ्या माणसांची नावं पंख्याखाली टाकायची आहेत."

"अय्यो! म्हणून सगळ्या दीडशे जागांवर बसणार?"

"एकशे बारा झाल्या."

पावनी हसली नाही. नुसती बघत राहिली… आणि एकशे तेराव्या जागेवर देवेशला वारा लागतोय की नाही, ते काही केल्या ठरवता येईना.

ती नवरीची चुलत बहीण, शाळेत गणित शिकवणारी. देवेशच्या अ‍ॅपचं काम सोपं होतं: टॅबच्या पडद्यावर हॉलचं चित्र, चित्रावर पाहुण्यांची नावं, ज्याचं नाव जिथं, त्याचं केळीचं पान तिथं. दोघांनी मिळून नावं भरली. बोटं दोनदा एकाच नावावर आली. दोनदा दोघांनीही नावालाच "सॉरी" म्हटलं.

"हे माझं पान," ती म्हणाली. "समोरच्या ओळीत प्रद्युम्न. बेंगळूरचा. आईनं मुद्दाम समोर घातलाय. पंगत उठली की मी हो म्हणायचं, अष्टे. एवढंच."

"अच्छा," देवेश म्हणाला, आणि उगाच पंख्याकडे बघत बसला. पंखा आपला फिरत होता… त्याला काय!

"टॅब ठेवून जा. मी नावं तपासते. तुमचंही एक घालते. पंखे मोजलेत, आता भात तरी खा."

रविवारी अक्षता पडल्या, आणि पंगतीची सूत्रं नवरीकडच्या गुंडेरावकाकांच्या हातात आली. पावनीनं टॅब त्यांना दिला. "काका, आडवा धरा हं. अक्षरं मोठी दिसतात."

पुढच्या दहा मिनिटांत प्रलय झाला. दोन मावश्यांची नावं एकाच पानावर आली. त्या तणतणत उजवीकडे गेल्या, तिथं पानं होती पण नावंच नव्हती. मागच्या ओळी हॉलबाहेर गेल्या. प्रद्युम्नचं पान चपलांच्या मांडणीपाशी मांडलं गेलं. तिथं वारा झकास होता, त्यामुळे त्यानं तक्रार केली नाही. आणि देवेशला वाढप्यांनी हाताला धरून नेलं ते थेट पावनीच्या शेजारी.

देवेशला घाम फुटला. चूक त्याचीच होती. प्रत्येक नावाची जागा त्यानं पडद्याच्या डाव्या कडेपासून इतके ठिपके, वरून इतके ठिपके अशी लिहिली होती. पडदा उभा, तोवर ठीक. आडवा केला की हॉलचं चित्र नव्या मापात पसरून बसायचं. नावं मात्र जुन्याच ठिपक्यांवर हट्टानं उभी. जागा ठिपक्यांत नव्हे, हॉलच्या कितव्या हिश्श्यावर, अशी लिहायला हवी होती.

तो उठायला लागला. कुणीतरी शर्टाचं टोक धरलं.

"सुम्ने बसा, गप्प."

"अहो, चूक आहे! टॅब उभा केला की सगळे जागेवर येतील."

"ठाऊक आहे. शुक्रवारीच दिसली." तिनं पानावर पाणी शिंपडलं. "उभ्या पडद्यावर तुम्ही माझ्यापासून तीन पानं लांब आहात. आडव्यावर शेजारी येता. कुठल्या ठिपक्यावर ठेवलं की शेजारी येता… ते काढायला मला तीन तास लागले."

पानाच्या कोपऱ्यात मीठ पडलं. त्या घराची रीत अशी की मिठापर्यंत जागा बदलता येते. भात पडला की उठायचं नाही.

"तीन तास?" देवेश हळूच म्हणाला.

"एकशे बारा जागांवर बसलेल्या माणसानं विचारू नये."

भाताचं पातेलं अजून चार पानं दूर होतं. तेवढ्यात गुंडेरावकाकांचं मनगट दुखलं. त्यांनी टॅब हळूहळू उभा करायला घेतला…

"काका!" देवेश असा ओरडला की नादस्वरवालाही थांबला. "आडवाच धरा! अ‍ॅप माझं आहे. ते… ते असंच बरोबर आहे!"

दीडशे माणसांसमोर तो धादांत खोटं बोलला होता. काका दचकले, टॅब पुन्हा आडवा झाला. भात पडला. वाफेमागे पावनीचा चेहरा दिसेनासा झाला, मग दिसला, आणि पानाखालून तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली… ती तिथंच राहिली.

पंगत उठायच्या आतच तुपाची वाटी घेऊन तिची आई, भागीरथीबाई, आल्या. "पावनी, प्रद्युम्नच्या घरच्यांना काय सांगू?"

"बेडा, आई. नको."

"आणि हे कोण?"

"पंखा बघणारे."

भागीरथीबाईंनी वर पाहिलं. एवढ्या गोंधळातही पंखा बरोबर त्यांच्या आजारी सासऱ्यांच्या डोक्यावर होता. त्यांनी देवेशच्या भातावर दुप्पट तूप ओतलं आणि पुढं गेल्या.

सोमवारी कंपनीच्या दोषनोंदीत देवेशनं लिहिलं:

विषय: पडदा आडवा करताच नावांच्या जागा चुकणे हा दोष दुरुस्त न करण्याबाबत.

महोदय, सदर दोष लक्षात घेऊनही जसाच्या तसा कायम ठेवावा. तसेच रविवारची ती पंगत अद्याप उठलेली नाही असे गृहीत धरून, पुढील आदेशापर्यंत पृथ्वीचेही फिरणे स्थगित ठेवावे, ही नम्र विनंती.