बाराव्या धड्यातली हिरवी खूण

घोडेगावच्या पंचायत समितीत मास्तरांना कम्प्युटर शिकवायचं ठरलं. यंत्रं दहा, चालू तीन. म्हणून डोंगरातल्या शाळेची उज्ज्वला आणि डिंगोरे गावच्या शाळेचा आदेश एकाच यंत्रापुढं येऊन बसले. दोघांनी एकदमच माऊसवर हात टाकला... आणि निखाऱ्यावर पडल्यासारखा मागं घेतला.

"आधी तुम्ही, मॅडम."

"नको, तुम्हीच. मोडलं तर तुमच्या नावावर."

पाणी मुरायला लागलं ते तिथंच.

काम दोघांना मिळूनच मिळालं. पोरांनी ओढा, विहीर, शाळेची वाट पावलांनी मोजायची, त्याचा कम्प्युटरवर नकाशा करायचा. असे बारा धडे इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे साऱ्या शाळांना बघता येतील. टाकायचे कसे, यावर मात्र दर बुधवारी नेट कॅफेत भांडण. आदेशला हवा हलता नकाशा — सरकवला की सरकावा, खुणेवर टिचकी मारली की मजकूर उघडावा. उज्ज्वलाला हवं साधं पान. वर चित्र, खाली प्रश्न.

"तुमचा नकाशा आमच्या शाळेत उघडेपर्यंत पोरांना मिशा फुटतील, सर!"

"आणि तुमचं पान म्हणजे नुसती पिठलं-भाकरी."

"खाऊन बघा मग. पोट तरी भरतं."

"कधी बोलावताय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. कानाच्या पाळ्या लालबुंद... अकरा धडे साध्या पानांवर गेले. गडी हरला, पण हसत हरला. पुढच्या हरण्यासाठी बुधवारची वाट बघायचा.

पण सुख उंबऱ्याशी येतं आणि तिथूनच माघारी फिरतं. चिमाजीनं, तिच्या बापानं, हडपसरचं स्थळ आणलं.

"पोरगा कंपनीत हाय. रविवारी सुपारी फोडायची. तुजं काय म्हननं आसंल तर त्याच्या आदी बोल. मागनं मी ऐकायचो न्हाई."

"रविवारी सकाळी सांगते, आबा." कुणाच्या भरवशावर, ते तिचं तिलाच ठाऊक.

बुधवारी तिनं आदेशला सांगितलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एक शब्द — एकच! पण बाप्याची जात ती. साऱ्या तालुक्याच्या वाटा नकाशावर दाखवील, पण मनातलं जिभेवर आणायची वाट त्याला सापडायची नाही. माऊसशी चाळा करत म्हणाला, "बारावा धडा शुक्रवारी टाकतो. शनिवारी बघा... हिरव्या खुणेवर टिचकी मारा."

शनिवारी पोरं घरी गेल्यावर तिनं शाळेच्या कम्प्युटरवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवर, धडा उघडला. वर नाव आलं, 'अंतर मोजा'. खाली पांढरा चौकोन. ती बसून राहिली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी चौकोन पांढराच. हिरवी खूण नाही, काही नाही. हलता नकाशा टाकला होता त्यानं!

म्हणजे आजसुद्धा ह्याला आपलंच खरं करायचं होतं...

फोन करून विचारावं तर मोबाइलच्या रेंजसाठी टेकडी चढायला हवी. आणि हिचा ताठा त्या टेकडीहून उंच. नाही चढली. रविवारी बापानं विचारलं, तेव्हा खाली बघून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली. ताठ्यानं चूल पेटत नाही, हे बाईला नेहमी मागूनच कळतं.

लग्नाला तीन महिने झाले तेव्हा हडपसरला दिराच्या कम्प्युटरवर तिनं तेच पान उघडलं. पापणी लवायच्या आत नकाशा आला. एक खूण डिंगोऱ्यावर, एक तिच्या गावावर, आणि मधे घोडेगावच्या एसटी स्टँडवर एक बारीकशी हिरवी. तिनं टिचकी मारली.

'रविवारी सकाळी सातपासून इथं उभा राहीन. तुमच्या वडिलांना भेटायचंय, सोबत न्या. साध्या पानावर लिहायची लाज वाटली. तुम्ही आला नाहीत, तर ते उत्तर समजेन.'

किती वेळ उभा राहिला असेल तो? आठची गाडी बघितली असेल, दहाची, मग बाराची...

"उज्ज्वला, चहाचं बघतीस ना गं?" सासूची हाक आली.

"आले, आई."

धड्याखाली पोरांनी उत्तर लिहायची जागा होती. रिकामीच होती. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आमच्या शाळेत उघडलं नव्हतं, सर.'

आणि आधण ठेवायला उठली.