आधी कोण उठणार?

गौरी-गणपतीची सुट्टी संपवून डॉ. कुमुदिनी डहाके प्रयोगशाळेत आल्या, काचेच्या नळ्यांचा खण उघडला आणि मटकन खुर्चीत बसल्या. सव्वीस नंबरच्या वाणातल्या झाडून साऱ्या फळमाश्या मेल्या होत्या.

सुट्टीत खाणं सुकेल म्हणून त्यांनी प्रत्येक नळीच्या तोंडाला ताज्या खाण्याची दुसरी नळी जोडून ठेवली होती. बाकीच्या वाणांच्या माश्या कधीच तिकडे जाऊन मजेत होत्या. या मात्र सुकलेल्या खाण्यावर एकमेकींना चिकटून मेल्या होत्या. ताजं खाणं चार बोटांवर होतं हो!

आणि हा वाण म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तीस पिढ्या खपून त्यांनी तो घडवला होता. जी माशी घोळक्यापासून लांब बसेल ती उचलून तेलाच्या बाटलीत टाकायची, उरलेल्यांची पैदास करायची. त्यातूनच त्यांना ‘संगतजनुक’ सापडलं. तेच पुढे माणसांतही निघालं. मग काय, चाचणी आली, कौतुक आलं. दक्षिण ध्रुवाजवळच्या ‘हिमांगण’ तळावर पूर्वी हिवाळ्यात माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची. आता तीन वर्षं चाचणीत अव्वल ठरलेलेच तिथे जात होते आणि भांडण म्हणून नव्हतं. यंदाच्या बारा जणांत बाईंची मनवा होती. पोरीला पैकीच्या पैकी गुण! बाईंनी साऱ्या इमारतीला पेढे वाटले होते.

“भूक लागल्यावर तरी हलायला नको का मेल्यांनी?” बाई चिडून म्हणाल्या.

डॉ. तांबोळी शेजारच्या टेबलावर सुट्टीतलं चित्रण पाहत होते. माश्यांचं उठणं-बसणं मोजण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. “हलायचं प्रत्येकीलाच आहे. बघा, ही पंख उचलते, शेजारणीकडे वळते, ती हलत नाही म्हणून पुन्हा बसते. आधी तू ऊठ, मग मी उठते, असं चाललंय सगळ्यांचं.”

“आणि बाकीच्या वाणांत?”

“तिथे एखादी एकलकोंडी असतेच. ती कुणाकडे बघत नाही, सरळ उठते. मग बाकीच्या तिच्या मागोमाग जातात. तुम्ही नेमकी तीच तेलात बुडवलीत, डहाकेबाई. दर पिढीत.”

बाईंनी लगेच हिमांगणशी संपर्क जोडला.

पडद्यावर मनवा हसली. खांद्याला खांदा लावून बाराही जण एकाच सतरंजीवर बसले होते, आणि सगळ्यांच्या ओठांवर तेच हसू होतं. मनवाच्या तोंडातून वाफ येत होती.

“मनू, आत एवढी थंडी कशी गं?”

“काल जनरेटर बंद पडला, आई. डिझेल संपलं. हा फोन तेवढा बॅटरीवर चालतोय. मागच्या खोलीत पिंपं आहेत भरलेली.”

“मग आणा की!”

“आणायचंय ना. उठतोच आहोत.” ती शेजाऱ्याकडे वळली. तो तिच्याकडे वळला. कुणीच उठलं नाही.

“मनवा, ऊठ! माझी शपथ आहे तुला!”

मनवा सतरंजीवर हात टेकून अर्धी उठली, बाकीचे बसलेले पाहून रडवेली झाली. “एकटीने नाही गं होत,” म्हणत ती परत खाली बसली.

तांबोळींनी मोहिमेच्या कार्यालयाला फोन लावून बाईंच्या हाती दिला. “घाबरू नका, मॅडम,” तिथला अधिकारी म्हणाला, “शेजारच्या तळावरून चौघं सकाळीच निघालेत. पोचतीलच आता.”

खरोखरच दार उघडलं. बर्फाने माखलेले चार जण आत आले. बाईंनी देवाला हात जोडले. पुढच्या माणसाने मागच्या खोलीकडे पाहिलं, मग आपल्या तिघांकडे, मग सतरंजीकडे. मनवा सरकली. सगळेच थोडे थोडे सरकले. चौघंही खाली बसले.

“अहो, दुसरं कुणीतरी पाठवा!” बाई फोनवर ओरडल्या. “ही माणसं निवडली कुणी?”

“तुमच्याच चाचणीने, मॅडम. आता सगळ्याच तळांवर तुमच्या यादीतलीच माणसं आहेत. एकलकोंडा एकही ठेवलेला नाही आम्ही.”

पडद्यावर मनवाने डोळे पुसले. तिचे ओठ निळे पडले होते, पण चेहरा उजळला होता.

“रडू नकोस, आई. आता आम्ही सोळा जण आहोत. कुणीतरी उठेलच.”